लिंकखालचा फोटो कुठून येतो?
हापूसची पेटी घरपोच देणाऱ्या बागायतदाराच्या वेबसाइटची लिंक कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, की खाली फोटो, नाव आणि दोन ओळी दिसतात. हे सारं येतं पानाच्या कोडमधल्या ‘ओपन ग्राफ’ खुणांतून. ही पद्धत फेसबुकने २०१० मध्ये आणली. आज इतर माध्यमंही ती वाचतात. खुणा नसतील तर अनेकदा नुसतीच लिंक जाते, आणि अनोळखी लिंकवर शहाणा माणूस बोट ठेवत नाही. ठेवूही नये! म्हणून विक्रीसाठी मला या खुणा घालण्याचं काम सर्वांत मोलाचं वाटतं. वेबसाइटवर व्हॉट्सअ‍ॅपचं बटणही हवंच. मात्र भाव, पेटीचे आकार, मागणीची पद्धत हे सारं वेबसाइटवरच ठेवा. कारण इन्स्टाग्रामचं खातं कंपनी बंद करू शकते. वेबसाइटचं डोमेन, म्हणजे तिचा पत्ता, तुमच्या नावावर असतं, फक्त वेळेवर नूतनीकरण करा.