आकड्याला आकार येतो तेव्हा

आजच्या हवेत सूक्ष्म धूळ घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, असे कोणी सांगितले तर तुमच्या मनात काय उभे राहते? खरे म्हणजे काहीच नाही. दहा किलो तांदूळ म्हटले की पिशवीचे ओझे हाताला आठवते. मायक्रोग्रॅम ना हाताला लागतो, ना डोळ्यांना दिसतो. अशा आकड्यांना वस्तूचे रूप देण्याची एक कला आहे. आकडेवारीची शिल्पेच म्हणा ना!

कल्पना तशी जुनी आहे. १८७४ साली मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने पाण्यासारख्या पदार्थाचे आकारमान, ऊर्जा इत्यादींचे परस्परसंबंध मातीच्या एका उंचसखल आकारात बसवले आणि त्याची प्लॅस्टरची प्रत अमेरिकेत गिब्ज या शास्त्रज्ञाला पाठवली. कागदावरचे गणित असे हाताने चाचपता आले.

पनवेलकरांना मात्र इतके दूर जायला नको. पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीतल्या खारघरमध्ये, तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीपासून जवळच, जानेवारी २०२१ मध्ये ‘वातावरण’ या संस्थेने पांढऱ्याशुभ्र फुप्फुसांची एक भली मोठी जोडी रस्त्याकाठी उभी केली. दिल्लीत २०१८ साली सर गंगाराम रुग्णालयात असाच प्रयोग झाला होता. रचना साधी. बारीक धूळ अडवणाऱ्या गाळणीच्या कापडाची फुप्फुसे, आणि मागे हवा ओढणारे पंखे. दहा-एक दिवसांत ती जोडी काळवंडली. येणारेजाणारे थबकून पाहू लागले, यात नवल ते काय?

पण इथे जरा सावध राहिले पाहिजे. आपली फुप्फुसे दहा दिवसांत अशी काळी होतात, असा याचा अर्थ नव्हे. पंख्याचा झोत म्हणजे माणसाचा श्वास नव्हे. शिवाय नाक आणि श्वासनलिकेतला चिकट द्रव बरीच धूळ अडवून बाहेर टाकतो. कापडावर ती साचतच जाते. काजळी चटकन दिसते, फिकट धूळ तितकी दिसत नाही. म्हणजे हवेत काहीतरी आहे, एवढे ते शिल्प ठासून सांगते. किती आहे, हे मात्र सांगत नाही. त्यासाठी पुन्हा आकड्याकडेच वळावे लागते.

मग आकडा आणि वस्तू यांची सांगड कशी घालायची? घरातलेच उदाहरण घेऊ. मोठा माणूस दिवसाकाठी सुमारे ११ घनमीटर हवा श्वासावाटे घेतो. हवेत ६० मायक्रोग्रॅम धूळ असेल, तर दिवसाला ६६० मायक्रोग्रॅम आत गेली. महिन्याची झाली सुमारे २० मिलिग्रॅम, म्हणजे तांदळाचा साधारण एक दाणा! एवढ्याशाने काय होते, असे म्हणू नका. हे कण अडीच मायक्रॉनहून लहान, केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाइतके. ते फुप्फुसात खोलवर शिरतात, काही रक्तातही उतरतात. ६० ही आपल्या देशाने चोवीस तासांसाठी घातलेली मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितलेली मर्यादा आहे १५. त्या हिशेबाने एक दाणा भरायला चार महिने लागावेत.

शाळेच्या वर्गात हा प्रयोग सहज करता येईल. बारा महिन्यांच्या बारा बाटल्या मांडा. महिन्याची सरासरी घनमीटरला जितके मायक्रोग्रॅम असेल तितके दाणे त्या महिन्याच्या बाटलीत टाका. बाटल्या सारख्या आकाराच्या हव्यात, माप मध्येच बदलायचे नाही, आणि प्रत्येकीवर आकडा लिहायचाच. पावसाळ्यात धूळ धुपून खाली बसते, हिवाळ्यात ती जमिनीलगत कोंडून राहते. हा फरक मुलांना रांगेकडे पाहताच कळेल.

काळवंडलेले फुप्फुस माणसाला थांबवते आणि प्रश्न विचारायला लावते. तो प्रश्न घेऊन कारखान्याच्या किंवा नगरपालिकेच्या दारात जाल, तेव्हा हातात आकडाही असू द्या. नुसत्या काळ्या कापडाला उत्तर टाळता येते. मोजून मांडलेल्या दाण्यांना टाळणे अवघड जाते.