घराभोवती कुंपण घालण्यापूर्वी



तूर-ज्वारी घरात आली, हातात चार पैसे आले की कुंपणाची कामे निघतात. आपल्यापैकी अनेकांचे एक घर गावठाणात, दुसरे वस्तीवर आणि मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेला प्लॉट सोलापूर, बार्शी किंवा पंढरपुरात असतो. कुंपण तिन्हीकडे लागते, पण नियम तिन्हीकडे सारखा नाही.

आधी शहराचे पाहू. पूर्वी महापालिकेची नियमावली वेगळी, नगरपरिषदांची वेगळी होती. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली आणि या तिन्ही शहरांना एकच माप लागू झाले. त्यात भर उंचीवर आहे. भिंत विटांची असो, दगडाची असो वा सिमेंटच्या तयार फळ्यांची, समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून दीड मीटर, म्हणजे सुमारे पाच फूट, ही मर्यादा. २.४ मीटरपर्यंत न्यायची तर वरचे ९० सेंटिमीटर गजांचे किंवा जाळीचे, आरपार दिसणारे हवे. कोपऱ्याच्या प्लॉटला चौकापासून दोन्ही अंगांना १० मीटरपर्यंत भरीव भिंत फक्त ७५ सेंटिमीटर, त्यावर गज. वळणावरची गाडी आणि शाळेची पोरे एकमेकांना दिसली पाहिजेत, एवढाच त्यातला हेतू. गवंडी "सगळेच सात फूट बांधतात" म्हणेल. त्याचे ऐकू नका, पाडण्याचा खर्च तो देत नाही.

गावठाणात ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ पाहावा. सार्वजनिक रस्त्यावर सरकलेली भिंत जशी अतिक्रमण ठरते, तसे काट्याचे कुंपणही ठरते. दर पावसाळ्यात वीतभर पुढे जाणारी काटेरी फांदी हे आपल्याकडचे जुनेच दुखणे आहे!

वस्तीवर आधी भूमि अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या, मगच खांब रोवा. हद्दीच्या खुणा सांभाळणे ही जमीनधारकाचीच जबाबदारी आहे. शेजाऱ्याची वहिवाटीची वाट तारेने बंद केली, तर तो १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत दाद मागू शकतो.

आपल्या कमी पावसाच्या भागात मला जिवंत कुंपण बरे वाटते. घायपात, चिलार किंवा सागरगोटा पहिल्या पावसात लावा आणि पहिली दोन वर्षे जनावरांपासून जपा. शेर लवकर वाढतो, पण त्याचा चीक डोळ्यात गेला तर मोठी इजा होते. लहान मुले असलेल्या घरापाशी तो नको.

आता सर्वांत महत्त्वाचे. रानडुकरांसाठी काहीजण घरच्या लाइनीवरून तारेत वीज सोडतात. हा गुन्हा आहे, आणि ओल्या रात्री ती तार डुक्कर, गाय की घरचे मूल हे पाहत नाही. सौर कुंपणाचे यंत्र बॅटरीवर चालते आणि क्षणभराचा झटका देऊन थांबते. घरच्या लाइनीतील प्रवाह थांबत नाही, माणूस तारेला चिकटून राहतो. अशी जोडणी तुमच्याकडे असेल तर मेन स्विच बंद करून वायरमनकडून ती आजच काढून घ्या.