लाटांतील गळ आणि लीडरची निवड

पिसांचें कृत्रिम आमिष फेकून मासे धरण्याची रीत पाश्चात्य देशांतील नद्यांवर वाढली व पुढें समुद्रावरही गेली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, केप कॉड व माँटॉक येथें, कमरभर पाण्यांत उभे राहून फुटत्या लाटांत पट्टेदार बास नांवाचा मासा धरणारे पुष्कळ लोक आहेत. त्यांचें यशापयश ज्या लहानशा वस्तूवर अवलंबून असतें, त्या लीडरविषयीं आम्ही आज वाचकांस चार गोष्टी सांगणार आहों.

साध्या गळास शिशाचें वजन असतें व तें दोरीस ओढून नेतें. येथें प्रकार उलट आहे. आमिष हलकें असून वजन सारें जाड, लेप दिलेल्या दोरींत असतें. दोरीच आमिषास नेते. परंतु अशी जाड दोरी माशास सहज दिसेल, म्हणून तिच्या व आमिषाच्या मध्यें पारदर्शक तंतु जोडतात. तोच लीडर. दोरीकडे तो जाड व आमिषाकडे क्रमानें बारीक असतो. त्यामुळें फेकीचा जोर, चाबकांत पोंचतो तसा, टोंकापर्यंत पोंचतो.

आतां लांबी किती असावी? पाणी शांत व दोरी तरंगती असतां सुमारें ९ फूट लीडर ठीक पडतो. लाटांत मात्र वारा बहुधा समोरून येतो. लांब लीडर उलगडत नाहीं, गुंडाळून जवळच पडतो. शिवाय तेथें बहुधा बुडती दोरी घेतात. लीडर लांब असला तर दोरी खालीं जाते, पण आमिष वरच राहतें. म्हणून ३ ते ६ फूट लांबी पुरे. फेसाळ, गढूळ पाण्यांत माशाची नजरही तितकी चालत नाहीं.

दुसरा प्रश्न पदार्थाचा. पूर्वीं हा तंतु रेशमाच्या किड्यांच्या ग्रंथींपासून काढीत. १९३८ सालीं नायलॉन जाहीर झालें व लवकरच त्यानें ती जागा घेतली. आपल्याकडील गळवाले ज्यास तंगूस म्हणतात तें हेंच. तें लवचिक असल्यामुळें हिसका सोसतें, पण पाणी शोषून कांहींसें दुबळें होतें. फ्लोरोकार्बन पाणी शोषीत नाहीं व वाळूच्या घर्षणासही अधिक टिकतें. त्याचा वक्रीभवनांक सुमारें १.४२, पाण्याचा १.३३ व नायलॉनचा १.५ हून अधिक. म्हणून पाण्यांत तें कमी दिसतें. त्याची घनता सुमारें १.७८ असल्यानें तें बुडतेंही लवकर.

तिसरा प्रश्न बळाचा. बाससाठीं टोंकाचा तंतु साधारण १५ ते २० पौंडांचा घेतात. तो मुख्य दोरीहून दुबळाच हवा. म्हणजे गळ खडकांत अडकला असतां टोंक तुटेल, महाग दोरी वांचेल. ब्लूफिश माशाचे दांत तीक्ष्ण असल्यामुळें तो येण्याचा संभव असेल तेथें आमिषापाशीं थोडी तार जोडतात.

मग फारच बारीक तंतु घेऊन कौशल्य दाखविण्यांत काय वावगें आहे? वावगें हें कीं, त्याचें मोल मासा देतो. तंतु तुटेल या भयानें माणूस ओढ घेत नाहीं, झुंज लांबते, आणि थकून गेलेला मासा सोडला तरी पुष्कळदां मरतो. हे बास एके काळीं इतके घटले कीं १९८४ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसला त्यांच्या रक्षणार्थ कायदा करावा लागला. आजही ठराविक मापाबाहेरचा मासा परत सोडावा लागतो. तेव्हां योग्य बळाचा तंतु निवडणें ही केवळ सोय नव्हे, तें कर्तव्यही आहे.

शेवटीं, गांठ आवळण्यापूर्वीं ती ओली करावी, नाहींतर घर्षणाच्या उष्णतेनें तंतु दुखावतो. मधून मधून तंतु बोटांतून ओढून पाहावा; खरखर लागली किंवा वाऱ्यानें गांठ पडलेली आढळली तर तेवढा भाग कापून टाकावा. मात्र कापलेला तुकडा वाळूंत न टाकतां खिशांत घालून घरीं न्यावा, कारण तो वर्षानुवर्षें कुजत नाहीं आणि पक्ष्यांच्या पायांत अडकतो.