पाठीचे दुखणे आणि दांपत्यजीवन

हुबळी-धारवाड मार्गावरील अमरगोळच्या बाजार आवारात शेतमालाची पोती हमालांच्या पाठीवरून उतरतात. प्रौढ पुरुषाने उचलावयाचे ओझे ५५ किलोंहून अधिक नसावे, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली केली. तरीही आपल्या देशात क्विंटलभराची पोती पुढे कित्येक वर्षे पाठीवर येतच राहिली. अशा ओझ्याने मणक्यांमधील गादी सरकली की मजुरी बुडते, हे सर्वांना दिसते. शयनगृहात काय बिघडते, याविषयी मात्र कोणी बोलत नाही.

बहुधा कामेच्छा मरत नाही. ती भीतीखाली दबते. हालचालीसरशी कळ येईल या धास्तीने स्नायू आखडतात आणि वेदना अधिकच वाढते. पती पाठ फिरवून निजतो. पत्नीला वाटते, प्रेम आटले. पत्नीची कंबर दुखत असेल, तर तिचा नकार पतीला रुसवा वाटतो. दुखणे एकाचे, पण दुरावा दोघांचा. दीर्घ वेदनेने येणारी खिन्नता व निद्रानाश, तसेच काही वेदनाशामक आणि मनाच्या आजारावरील औषधे यांनीही इच्छा मंदावते. औषध आपल्या मनाने बंद न करता हे डॉक्टरांना सांगावे.

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली समागमसमयी कण्याची हालचाल मोजली. कुशीवर निजण्याची स्थिती सर्वांनाच सोयीची, हा जुना सल्ला सरसकट खरा नाही, असे त्यांना आढळले. ज्याला पुढे वाकल्याने कळ येते आणि ज्याला मागे वाकल्याने येते, त्या दोघांना एकच उपाय लागू पडत नाही. म्हणून कोणत्या हालचालीने दुखते, हे प्रथम ओळखावे. आधी शेक घ्यावा, उशीचा आधार द्यावा, घाई करू नये. दुखऱ्या जोडीदाराने हालचाल कमी ठेवावी. स्पर्श आणि आपुलकीचा शब्द यांना तर कण्याची आडकाठी नाही.

मात्र जांघेत किंवा गुह्यांगाभोवती बधिरता आली, लघवी अडली वा नकळत होऊ लागली, पायांतील शक्ती गेली, तर तासभरही न दवडता रुग्णालय गाठावे. तेथे मज्जातंतूंवर दाब आलेला असू शकतो आणि विलंबाने कायमची हानी होते.

एरवी पहिले औषध घरातच आहे. ‘मला दुखते, पण तू मला हवीस’ एवढे एक वाक्य पतीने संकोच सोडून उच्चारले, तर पाठीवरचे नसले तरी मनावरचे ओझे खचित उतरते.