अपघात, भरपाई आणि आपले केसपेपर

माणसाच्या जिवाचे मोल पैशात होत नाही, हे कायदाही जाणतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण मोजते ते कुटुंबाचा बुडालेला आधार. त्याची रीत सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (2009) आणि प्रणय सेठी (2017) या निकालांत घालून दिली आहे.

समजा, दरमहा 15,000 रुपये मिळवणारा, स्वतःचा व्यवसाय असलेला 35 वर्षांचा गृहस्थ अपघातात गेला आणि मागे चार आश्रित राहिले. वार्षिक उत्पन्न 1,80,000 रुपये. पुढील वाढीसाठी त्यात 40 टक्के मिळवायचे, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा भाग वजा करायचा आणि वयानुसार 16 ने गुणायचे. रक्कम होते 30,24,000 रुपये. अंत्यविधी, सहवासाची हानी इत्यादींची रक्कम वेगळी. गृहिणीच्या श्रमांनाही उत्पन्न मानावे, हे न्यायालयाने 2021 मध्ये पुन्हा स्पष्ट केले.

जखमी व्यक्तीच्या बाबतीत मात्र एक गैरसमज रुग्णांमध्ये नेहमी आढळतो. डॉक्टरांच्या दाखल्यावरील अपंगत्वाची टक्केवारी म्हणजेच कमाईची हानी, असे ते धरून चालतात. राजकुमार खटल्यात (2011) सर्वोच्च न्यायालयाने हा भेद नीट उलगडला. डावा हात गेला तर शारीरिक अपंगत्व साधारण 60 टक्के भरेल. पण तो हात सुताराचा किंवा वाहनचालकाचा असेल, तर कमाई जवळजवळ पूर्णच बुडते. कारकुनाची तितकी बुडेलच असे नाही. आमच्या मांडवीत जाळे ओढणाऱ्या खलाशाला दुचाकीच्या अपघातात असा हात गमवावा लागला, तर त्याचा हिशेब सुताराच्याच जवळ जाईल. म्हणून दाखला देणाऱ्या डॉक्टरांना रुग्णाचे नेमके काम काय, कोणती हालचाल आता जमत नाही, हे आवर्जून सांगावे.

हे सारे सिद्ध होते कागदांवर. पहिल्या दिवसाचा केसपेपर, पोलिसांत झालेली नोंद, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, औषधांची व फिजिओथेरपीची बिले एका फाइलीत ठेवावीत. पगारपत्रक नसेल तर बँकेचे पासबुक किंवा नौकामालकाकडील वाट्याच्या हिशेबाची वही उपयोगी पडते. दाव्यासाठी कायद्याने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50 हजार रुपये मिळतात.

दुःखाच्या दिवसांत कागद सांभाळणे कठीण असते. ते काम घरातील एखाद्या शांत डोक्याच्या नातलगाने पहिल्याच दिवसापासून अंगावर घ्यावे. रुग्णाच्या शुश्रूषेचाच तो एक भाग आहे.