वकिलाची पाटी आणि वकिलाची पात्रता

वसई-विरारची महानगरपालिका २००९ साली झाली आणि पालघर जिल्हा २०१४ साली. पण लोकवस्तीबरोबर येथील तंटे त्याच्या कितीतरी आधीपासून वाढत होते. वाडीच्या वाटणीचा दावा, न वटलेला धनादेश, सदनिका देतो म्हणून झालेली फसवणूक! कोर्टाची पायरी कधी न चढलेल्या कारकुनावर वा शिक्षकावर असा प्रसंग ओढवतो, तेव्हा त्याच्यापुढचा पहिला प्रश्न कायद्याचा नसतोच. वकील कोणता द्यावा, हा असतो.

याचे उत्तर पाटीवर मिळत नाही, आणि मिळू नये अशीच व्यवस्था आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ अन्वये वकिलाला जाहिरात करता येत नाही. २००८ च्या दुरुस्तीने संकेतस्थळावर नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, शिक्षण व कामाचे क्षेत्र देण्याची मुभा मिळाली, इतकेच. न्यायदान हा बाजार होऊ नये, हा नियमाचा हेतू स्तुत्यच. तथापि विकणाऱ्याला मालाचा कस ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा व्यवहारात चांगला मालच मागे पडतो, हे जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले होते. वकिलीत तर फी आधी मोजावी लागते आणि कस उलटतपासणीच्या दिवशी कळतो.

मग जिंकलेल्या खटल्यांची संख्या पाहावी काय? उज्ज्वल निकम यांचे उदाहरण घ्यावे. जळगावच्या जिल्हा न्यायालयात घडलेला हा वकील १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात विशेष सरकारी वकील झाला. निकाल २००६ मध्ये येऊ लागले, शिक्षा जाहीर होईतो २००७ उजाडले. १०० आरोपी दोषी ठरले, २३ सुटले. यांतील १०० हे यश आणि २३ हे अपयश म्हणणे अडाणीपणाचे होईल. पुरावा सरकारी वकील निर्माण करीत नाही. हाती आलेला पुरावा तो न्यायालयापुढे नीट मांडतो. वर्षानुवर्षे साक्षीदार तपासणे, आधीच्या जबाबातील विसंगती हेरणे आणि कोणता प्रश्न विचारू नये हे ओळखणे, ही खरी कमाई. लोकांच्या लक्षात मात्र दुसरेच राहते. कसाबने बिर्याणी मागितल्याची गोष्ट आपण रचली होती, असे निकम यांनीच २०१५ मध्ये सांगितले. ती बिर्याणी सर्वतोमुखी झाली. ३ मे २०१० च्या दोषसिद्धीपर्यंत नेणाऱ्या साक्षी कोणाला आठवत नाहीत. २०१६ ची पद्मश्री वा २०२५ मधील राज्यसभेची नियुक्ती हे सन्मान आहेत. उलटतपासणीची मोजपट्टी नव्हेत.

तालुक्याच्या कोर्टात उभी हयात घालविणाऱ्या वकिलाच्या वाट्याला तेवढेही येत नाही. 'वरिष्ठ अधिवक्ता' ही पदवी देण्याचा अधिकार १९६१ च्या कायद्याने उच्च व सर्वोच्च न्यायालयांना दिला आणि साहजिकच ती त्यांच्यापुढे नित्य दिसणाऱ्यांनाच बहुधा मिळत आली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निवडीची गुणपद्धती रद्द करताना कनिष्ठ न्यायालयांतील वकिलांचाही विचार व्हावा असे म्हटले. हे फार आधी व्हावयास हवे होते. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले, खुनाचे कलम ३०२ चे १०३ झाले. आकडे नवखाही पाठ करील, साक्षीदाराची नजर वाचणे मात्र पाठ करून येत नाही.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावावरून प्रकरणे शोधता येतात. त्यातून किती खटले हे समजते, कसे चालविले हे नाही. ते समजण्याचा एकच मार्ग आहे आणि त्यास पैसा पडत नाही: काही अपवाद सोडता खटले खुल्या न्यायालयात चालतात व मागच्या बाकावर कोणालाही बसता येते. विरारहून रोज चर्चगेटची गाडी धरणाऱ्याला त्यासाठी एक रजा टाकावी लागेल. आणि त्या दिवशी साक्ष झालीच नाही, नुसती पुढची तारीख पडली, तर दुसरी.