ऊन भरपूर, तरी हाडे ठिसूळ

भैरवनाथाच्या सोनारीत (ता. परंडा, जि. धाराशिव) उन्हाला तोटा नाही. उन्हामुळे त्वचेत ड जीवनसत्त्व बनते, हे आपण वर्गात शिकवतोच. मग मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात हाडे का झिजतात?

कारण हे जीवनसत्त्व आधी यकृतात व शेवटी मूत्रपिंडात बदलते, तेव्हाच ते संप्रेरक म्हणून पूर्णपणे कामाला येते. मूत्रपिंड दुबळे झाले, की फॉस्फेट नीट बाहेर पडत नाही. त्यावर पहिला उपाय हाडेच करतात. (हाडे म्हणजे नुसता सांगाडा नव्हे, तीही संप्रेरक स्रवतात!) २००० साली ओळखले गेलेले ‘एफजीएफ-२३’ हे त्यांचे संप्रेरक फॉस्फेट लघवीवाटे घालवते, पण त्याचबरोबर ‘ड’च्या बदलाची शेवटची पायरीही रोखते. साहजिकच आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते. रक्तातले कॅल्शियम उतरू लागताच मानेतल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार परावटू ग्रंथी जादा संप्रेरक सोडतात व हाडांतून कॅल्शियम काढून रक्तातली तूट भरतात. म्हणून रक्ततपासणीत कॅल्शियम बराच काळ ठीक दिसते, आणि आपण निर्धास्त राहतो. हाडे मात्र आतून रिती होत असतात.

आहाराचेही पाहावे. ज्वारीतले बरेचसे फॉस्फेट फायटेटच्या रूपात असल्याने कमी शोषले जाते. कोला पेयांतल्या फॉस्फोरिक आम्लातले मात्र जवळजवळ सगळे रक्तात उतरते.